एआय डिझाइन पॅक विकायचा साइड प्रोजेक्ट: फेब्रुवारी ते मे २०२५ च्या नोंदी

२ फेब्रुवारी २०२५, रविवार

केली एकदाची सुरुवात. तीन महिने नुसतं करायचंय करायचंय चाललं होतं, शेवटी आज एक फोल्डर उघडला आणि ही नोंदींची फाईल उघडली. प्लॅन साधा आहे. एआयने बॅकग्राउंड, आयकॉन, पॅटर्न, पोस्टचे टेम्प्लेट बनवायचे, पॅक करायचे आणि छोट्या धंदेवाल्यांना विकायचे, म्हणजे ज्यांना डिझायनर ठेवणं परवडत नाही पण रोज काहीतरी टाकावं लागतं अशांना. वेळ फक्त शनिवार-रविवार आणि आठवड्यात एखाद-दुसरी रात्र. नोकरी चालू आहे, ती सोडायचं वगैरे काही डोक्यात नाही.

टूल म्हणून एसडीएक्सएल घेतलं, म्हणजे वाक्य लिहिलं की चित्र काढून देणारं एआय मॉडेल, घरच्याच मशीनवर. ग्राफिक कार्ड ८ जीबीचं आहे, हळू चालतं पण चालतं. आधी फ्लक्सवर, म्हणजे तसल्याच दुसऱ्या मॉडेलवर, डोळा होता कारण चित्रं भारी येतात, पण बरं झालं लायसन्स वाचलं. एकाच नावाखाली दोन व्हर्जन आहेत, श्नेल नावाचं अपाची २.० लायसन्सवर आहे म्हणजे धंद्यालाही मोकळं, आणि डेव्ह नावाच्याचं लायसन्स नॉन-कमर्शियल. डाउनलोडच्या पानावर दोन्ही शेजारी-शेजारी असतात आणि माणूस बिनधास्त नको ते व्हर्जन उचलतो. विकायच्या कामात असली किरकिर नको म्हणून बाजूला ठेवलं.

एक नियम आजच ठरवला, प्रत्येक फायनल चित्रासोबत एका शीटमध्ये मॉडेल, प्रॉम्प्ट (त्याला लिहून दिलेलं वाक्य), सीड (ज्या आकड्यावरून चित्र सुरू होतं तो) आणि तारीख लिहायची. कंटाळवाणं आहे. बघू किती दिवस टिकतं.

३ फेब्रुवारी, रात्री उशिरा

४१२ चित्रं झाली!! एका संध्याकाळी! जेवताना मशीन चालू ठेवली होती. आता मोजत बसलेय की अशा वेगाने महिन्यात किती पॅक होतील. झोपायला हवं पण डोकं सुटलंय.

८ फेब्रुवारी, शनिवार

४१२ मधली ६१ उरली. बाकीच्यांत काही ना काही आहेच, कात्रीला तीन भोकं, कपाचा कान कपाला चिकटलेलाच नाही, पानं देठाशिवाय हवेत. लांबून सगळं छान दिसतं आणि जवळ गेलं की घोळ.

आजचा सगळ्यात मोठा विनोद म्हणजे ट्रान्सपरंट बॅकग्राउंड. प्रॉम्प्टमध्ये लिहिलं होतं ट्रान्सपरंट हवं म्हणून, आणि चित्रात मागे तो राखाडी-पांढरा बुद्धिबळाचा पट आला, मला वाटलं अरे वा, जमलं की. चित्राची पीएनजी फाईल दुसऱ्या रंगावर टाकली तर पट तसाच्या तसा. म्हणजे त्याने पट *काढलाय*, चौकोन चौकोन, चित्राचा भाग म्हणून. शिकताना हजारो स्टॉक फोटोंच्या मागे तो पट बघितला असणार, त्याच्या लेखी ट्रान्सपरंट म्हणजे पट. हसले आणि मग रडायची वेळ आली कारण २३ चित्रं तशीच होती. आता पांढऱ्या सपाट बॅकग्राउंडवर बनवते आणि नंतर वेगळं कापते. कापतानाही कडेला पांढरी झालर राहते, ती गडद रंगावर ठेवून बघितल्याशिवाय दिसत नाही. सगळं आता एकदा काळ्यावर आणि एकदा लालवर ठेवून बघायचं.

९ फेब्रुवारी

कुठे विकायचं हे बघण्यात दिवस गेला. चित्रं-फोटो विकणाऱ्या साइट्सपैकी गेटीने एआयची चित्रं २०२२ च्या सप्टेंबरातच बंद केलीत. शटरस्टॉक बाहेरच्या लोकांकडून एआयचं घेत नाही. अडोबी स्टॉक घेतं, पण अपलोड करताना एआयने बनवलंय असा टिक मारावा लागतो आणि प्रॉम्प्टमध्ये किंवा टायटलमध्ये कुठल्या कलाकाराचं नाव चालत नाही. एट्सीवर, म्हणजे छोट्या विक्रेत्यांच्या ऑनलाइन बाजारात, २०२४ च्या जुलैपासून नियम आहे की एआय वापरलं असेल तर लिस्टिंगमध्ये तसं सांगायचं, आणि नुसते प्रॉम्प्टचे गठ्ठे विकायला तर परवानगीच नाही.

मला खरं तर धाकधूक होती, एआयचं आहे असं लिहिलं तर घेईल कोण. पण लपवायचं आणि मग कुणीतरी चित्रातल्या हाताची सहा बोटं दाखवून विचारायचं, त्यापेक्षा आधीच लिहिलेलं बरं. लिहिलं. "वॉटरकलर बॅकग्राउंड", "बोटॅनिकल एलिमेंट", "गोल्ड टेक्श्चर". तीन पॅक वर टाकले.

२२ फेब्रुवारी, शनिवार

दोन आठवड्यांत एक विक्री. घेणारी माझी कॉलेजची मैत्रीण, तिने फोन करून सांगितलं घेतलं म्हणून. म्हणजे शून्यच.

शोधून बघितलं तर वॉटरकलर बॅकग्राउंडचे पॅक ढिगाने पडलेत आणि माझे त्यांच्यापेक्षा वेगळे आहेत असं मलाही म्हणता येईना. ज्या मशीनने मला एका संध्याकाळी ४१२ दिली तीच मशीन सगळ्यांकडे आहे. हे ३ तारखेच्या रात्री कसं सुचलं नाही कोण जाणे.

मग एक केलं जे आधीच करायला पाहिजे होतं, ओळखीतल्या तीन धंदेवाल्यांना फोन केला आणि विचारलं की तुम्ही शेवटचं पोस्ट कसं बनवलंत. एक जण सायकल रिपेअरवाले, एक ताई घरी मेणबत्त्या बनवून विकतात, एक जण कुत्र्या-मांजरांचं ग्रूमिंग करतात. तिघांनाही "बॅकग्राउंड पॅक" म्हणजे काय ते आधी समजवावं लागलं. ग्रूमिंगवाल्या मॅडम म्हणाल्या, "अगं पण त्या चित्राचं मी करू काय? मला उद्या बंद आहे हे लिहून टाकायचंय, तेवढं दे." मेणबत्तीवाल्या ताई रात्री अकराला फोनवर पोस्ट बनवतात, एक बनवायला दीड तास, आणि शेवटी आवडत नाही म्हणून टाकतच नाहीत.

तीन फोनला मिळून चाळीस मिनिटं. दोन आठवडे मशीन तापवत बसले होते.

१ मार्च, शनिवार

नवीन पॅक, फक्त पेट ग्रूमिंगवाल्यांसाठी. २४ आयकॉन, १२ पोस्ट, ४ स्टोरी, एक दरपत्रक, एक अपॉइंटमेंट कार्ड. पोस्ट १०८० बाय १३५०, स्टोरी १०८० बाय १९२०. पोस्टचे विषय त्या मॅडमशी बोलून काढले, आज बंद आहे, उन्हाळ्यात केस किती कापायचे, पहिल्यांदा आणताना काय काय आणायचं, उशीर होणार असेल तर कळवा. हे मला घरी बसून सुचलं नसतं, मी "पॉ प्रिंट पॅटर्न" वगैरे करत बसले असते.

चित्र करणं सोपं, एका जातीची चोवीस करणं महाकठीण. एका आयकॉनला जाड रेघ, दुसऱ्याला बारीक, तिसऱ्याला मधेच सावली. सीड तोच ठेवला तरी विषय बदलला की हात बदलतो. एक चांगलं आलेलं चित्र नमुना म्हणून देऊन त्याच्यावरून बाकीची करायला लावली तेव्हा कुठे एका घरातली वाटायला लागली, तरी शेवटी इंकस्केपमध्ये (रेघांची चित्रं काढायचं सॉफ्टवेअर) बसून सगळ्यांची रेघ २४ बाय २४ खणांच्या ग्रिडवर २ खणांची करावी लागलीच. मांजर पाच पायांचं आलं होतं, ते मला चौथ्या वेळेला बघताना दिसलं. चार वेळा!

अक्षरं एआयकडून काढून घ्यायचीच नाहीत असं ठरवलं. रोमनमध्ये स्पेलिंग जातं, देवनागरीत तर वेलांटी कुठल्याही अक्षराला लटकते आणि शिरोरेघ मधेच संपते. चित्र त्याचं, मजकूर माझा. फॉन्ट सगळे ओपन फॉन्ट लायसन्सवाले, म्हणजे धंद्यातही वापरायला मोकळे, आणि फॉन्टची फाईल पॅकमध्ये घालत नाही, कुठून घ्यायचा ते लिहून देते.

८ मार्च, शनिवार

आज मोठी नोंद कारण आज मोठी फजिती.

मेणबत्तीवाल्या ताईंनी खरीखुरी ऑर्डर दिली, डब्यांची गोल लेबलं आणि सोबत टाकायचं ए५ चं पत्रक. मी हवेत. लॅव्हेंडरचं असं सुंदर जांभळं-निळं चित्र आलं होतं, स्क्रीनवर नुसतं चमकत होतं, त्यावर मजकूर टाकून पीएनजी बनवून ताईंना व्हॉट्सॲपवर पाठवलं, त्यांनी ते तसंच पुढे प्रेसला पाठवलं. एका वाक्यात तीन चुका आहेत. मला एकही माहीत नव्हती.

प्रेसचं प्रूफ, म्हणजे आधी छापून दाखवतात तो नमुना, आलं तर जांभळं मेलेलं. राखाडीकडे झुकलेलं, धुवून धुवून विटलेल्या कापडासारखं. पत्रकावरचं चित्र फाटलेलं, म्हणजे ठिपके-ठिपके दिसणारं, आणि बारीक अक्षरांना चारी बाजूंनी रंगीत भूत. ताई बिचाऱ्या काही बोलल्या नाहीत, "असंच असतं का हो?" एवढंच विचारलं. त्याने जास्त लागलं.

माझा मावसभाऊ प्रिंटिंगच्या लाइनमध्ये आहे, त्याला फोन केला. दादाने आधी दहा मिनिटं हसून घेतलं. मग म्हणाला, "अगं, तुझा स्क्रीन उजेडाने रंग दाखवतो, आमच्याकडे शाई आहे. शाईत तो निळा नाहीच, तर येणार कुठून?" आरजीबीतले, म्हणजे स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्या उजेडातले, भडक निळे-जांभळे-हिरवे सीएमवायकेत, म्हणजे छपाईच्या चार शायांत, बसतच नाहीत, जवळचा मंद रंग मिळतो. म्हणजे चित्र बनवतानाच असे रंग टाळायचे, नाहीतर आधीच सीएमवायकेत बदलून गिऱ्हाइकाला तसंच दाखवायचं, म्हणजे नंतर धक्का नाही.

मग साइजचं. माझं चित्र १०२४ पिक्सेल. ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांनी, छापायचं तर ते जेमतेम साडेआठ सेंटिमीटर भरतं. ६० एमएमच्या लेबलला ७०९ पिक्सेल लागतात म्हणून लेबल बचावलं, पण ए५ ला १७४८ बाय २४८० लागतात आणि चारी बाजूंनी ३ एमएम ब्लीड धरलं तर १८१९ बाय २५५१. ब्लीड म्हणजे काय तेही आजच कळलं, कटिंगला कागद जरा सरकतो म्हणून रंग कडेच्या बाहेरपर्यंत न्यायचा, नाहीतर एका बाजूला पांढरी चीर दिसते. आता रिअल-ईएसआरगॅनने (चित्र मोठं करणारं एआय टूल) चौपट करते, ४०९६ होतं, ए४ लासुद्धा पुरतं. पण मोठं करताना ते पोत स्वतःच्या मनाने भरतं, मेणाचं प्लास्टिक होतं, त्यामुळे १०० टक्के झूम करून सगळा कागद बघायचाच.

अक्षरांच्या भुताचं कारण म्हणजे माझा काळा चार रंगांचा झाला होता. आरजीबीतला काळा बदलला की चारही शाया थोड्या-थोड्या येतात, आणि प्रत्येक शाईच्या छपाईच्या प्लेटा केसभर इकडे-तिकडे झाल्या की बारीक अक्षराला झालर. मजकूर नुसत्या काळ्या शाईत, म्हणजे के १०० वर ठेवायचा. आणि व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलं की ते दाबून लहान करतं, डॉक्युमेंट म्हणून पाठवायचं. हे शेवटचं तर शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

ताईंना सांगितलं सगळं परत करून देते, जास्तीचं काही घेणार नाही.

९ मार्च

स्क्रायबस, म्हणजे छपाईसाठी पानं लावायचं सॉफ्टवेअर, शिकले, अख्खा रविवार. इंकस्केपमधून सीएमवायके नीट बाहेर पडत नाही, स्क्रायबसमधून पीडीएफ-एक्स, म्हणजे प्रेसला चालणारी पीडीएफ, निघतं. जांभळा बदलून थोडा मातकट वांगी केला, खरं सांगायचं तर मेणबत्तीला तोच जास्त शोभतो. प्रेसने एकूण शाई, म्हणजे चारही शायांच्या टक्क्यांची बेरीज, ३०० टक्क्यांच्या आत ठेवायला सांगितली तीही बघितली. रात्री एकला फाईल गेली.

१२ मार्च

प्रूफ ओके. ताईंनी तीन बदाम पाठवले.

१६ मार्च, रविवार

सायकलवाल्या काकांना दुकानाच्या काचेवर रेडियम लावायचं होतं. म्हणलं एआयने सायकल काढू, इंकस्केपमध्ये ट्रेस करू, म्हणजे चित्राच्या कडांवरून ते आपोआप रेघा काढतं, त्या रेघांची फाईल म्हणजे एसव्हीजी झाली की काम झालं. ट्रेस बिटमॅपला क्लिक केलं, झाली पण. रेडियमवाल्याने फाईल प्लॉटरला, म्हणजे रेडियम कापायच्या मशीनला, लावली आणि मला फोन, "मॅडम, ब्लेड थरथरतंय, हे काय दिलंय तुम्ही?"

फाईलमध्ये सहा हजारांवर नोड, म्हणजे रेघ जोडणारे बिंदू, होते. चित्राच्या कडेला डोळ्याला न दिसणारे जे खाचखळगे असतात ते सगळे ट्रेसने इमानदारीत टिपले होते, आणि प्लॉटरचं ब्लेड प्रत्येक नोडवर जातं. वर, चाकाच्या आरा काही ठिकाणी हबपर्यंत पोचतच नव्हत्या आणि साखळी पेडलजवळच्या दातेरी चाकावरून न जाता मागच्या मागे हवेत. सायकल दुरुस्त करणाऱ्याच्या काचेवर अशी सायकल! काकांनी बघितल्या बघितल्या ओळखलं, "ही चालायची नाही."

शेवटी एआयचं चित्र खाली ठेवून वरून हाताने पेन टूलने काढली. १४० नोड. दोन तास. चाकं काय, वर्तुळंच तर असतात.

(काकांनी दोनदा आरा मोजल्या. मी पण मोजून ठेवल्या होत्या.)

२१ मार्च, रात्री

मेणबत्तीवाल्या ताईंनी विचारलं, "यातलंच एक फूल लोगो म्हणून घेऊ का, आणि ते माझ्या नावावर होईल ना?" चटकन हो म्हणणार होते. थांबले, वाचत बसले.

अमेरिकेच्या कॉपीराइट ऑफिसचा याच जानेवारीत रिपोर्ट आलाय, त्याचं सार असं की नुसता प्रॉम्प्ट दिला म्हणून चित्र तुमचं होत नाही, माणसाने त्यात स्वतः जे बदललं, निवडून मांडलं त्याला संरक्षण मिळू शकतं. आणि आत्ताच १८ मार्चला तिथल्या अपील कोर्टाने सांगितलं की कॉपीराइटसाठी लेखक माणूसच लागतो. ब्रिटनमध्ये मात्र १९८८ च्या कायद्यातच कॉम्प्युटरने बनवलेल्या कामाची सोय आहे, ज्याने ते घडवून आणायची व्यवस्था केली तो लेखक. आणि चीनमध्ये २०२३ च्या नोव्हेंबरात बीजिंगच्या इंटरनेट कोर्टाने एका एआय चित्रावर बनवणाऱ्याचा हक्क मान्य केला होता. म्हणजे एकच फूल, देश बदलला की मालक बदलतो. ट्रेडमार्क ही आणखी वेगळी भानगड, तो कॉपीराइट नसतानाही मिळू शकतो, पण लोगो इतरांपेक्षा वेगळा दिसायला हवा, आणि माझ्या मशीनने तेच फूल दुसऱ्या कुणाला दिलं नसेल याची हमी मी कशी देणार?

ठरवलं, लोगो करायचा नाही. ताईंना सांगितलं, पत्रक-लेबल-पोस्ट सगळं करते, लोगो मात्र माणसाकडून काढून घ्या. एक कॅलिग्राफी करणारी ओळखीची आहे, तिचा नंबर दिला. एक काम हातचं गेलं, पण झोप लागली.

२७ मार्च, गुरुवार

परवा, २५ तारखेला, चॅटजीपीटीत नवीन इमेज जनरेशन आलं. कालपासून सगळ्या ग्रुपवर सगळ्यांचे कार्टून चेहरे. मला त्याचं काही नाही, पण मी त्याला ग्रूमिंगचं पोस्ट बनवायला सांगितलं तर मजकुरासकट दिलं, इंग्लिशचं स्पेलिंग बरोबर, लेआउट ठीकठाक, आणि ट्रान्सपरंट मागितलं तर खरंच ट्रान्सपरंट. पट नाही!!

फेब्रुवारीत मी ज्याच्यावर रात्री घालवल्या ते आता कुणीही फोनवरून वाक्य लिहून करेल.

आज काही काम केलं नाही. नुसती बघत बसले.

३० मार्च, रविवार

वॉटरकलर आणि गोल्ड टेक्श्चरचे पॅक काढून टाकले. कोण घेणार आता. तसंही घेत नव्हतं.

ग्रूमिंगचा पॅक ठेवलाय. त्याच्या आतापर्यंत अकरा विक्री झाल्यात, एकही ओळखीतली नाही. एकीने लिहिलं होतं की "उशीर होणार असेल तर कळवा" हे पोस्ट तिने दरवाज्यावरच चिकटवलं.

६ एप्रिल, रविवार

गंमत वेगळीच झालीय. लोक स्वतः चित्रं बनवायला लागले आणि ती घेऊन माझ्याकडे यायला लागले.

मेणबत्तीवाल्या ताईंच्या ओळखीने एक फिजिओथेरपिस्ट आल्या. त्यांनी चॅटजीपीटीकडून पोस्टर बनवून घेतलं होतं, दिसायला झकास, कोपऱ्यात क्यूआर कोडही. "फक्त मोठं करून प्रिंटला द्या" म्हणाल्या. मी सवयीने फोन धरला त्या कोडवर. काही नाही. परत धरला. तो कोड नव्हताच, कोडचं *चित्र* होतं, चौकोन चौकोन नुसते, फेब्रुवारीतला माझा बुद्धिबळाचा पटच जणू परत भेटायला आला. फोन नंबरमधला एक आकडा पण बदललेला. २०० प्रती जाणार होत्या.

खरा कोड जनरेटरवरून काढला, भोवती नियमाप्रमाणे कोडच्या छोट्या चौकोनांएवढे चार खण रिकामी जागा ठेवली, एरर करेक्शन सगळ्यात वरच्या एच पातळीवर ठेवलं म्हणजे ३० टक्क्यांपर्यंत खराब झाला तरी वाचला जातो, क्लिनिकच्या भिंतीवर हात लागणारच. पोस्टरचं चित्र ठेवलं त्यांचंच, मजकूर सगळा पुसून नव्याने बसवला. फिकट पिवळ्यावर पांढरी अक्षरं होती, तीही गडद केली, त्यांच्याकडे येणारी निम्मी माणसं चष्म्यातली आहेत. शेवटी प्रिंटवर फोन धरून स्वतः स्कॅन करून बघितलं, तीन वेगवेगळ्या फोनवर.

अडीच तासांचं काम. विनातक्रार पैसे दिले आणि आणखी दोघांना नंबर दिला.

१३ एप्रिल

आज बसून हिशोब केला. फेब्रुवारी-मार्च मिळून ९४ तास. आलेले पैसे भागिले तास केले तर नोकरीतल्या ताशी पगाराचा चौथा हिस्साही पडत नाही. यातले साठेक तास शिकण्यात आणि फजितीत गेले असं धरलं तरी फार काही नाही.

एप्रिलचे दोन आठवडे मात्र वेगळे आहेत, १४ तास आणि ताशी हिशोब जवळपास पगाराएवढा. पण यातला पॅकचा वाटा थोडा, जास्त आलेत ते लोकांची फाईल छापण्यालायक करून देण्याचे. याला नाव काय द्यायचं कळेना. दादाच्या प्रेसमध्ये याला फाईल सेट करणं म्हणतात आणि ते काम करणारा मुलगा कोरल सॉफ्टवेअरवर बसून दिवसाला वीस करतो. मी पण तेच करतेय, फरक एवढाच की गिऱ्हाईक प्रेसमध्ये पोचायच्या आधी मला भेटतं. दादाला सांगितलं तर म्हणाला, "म्हणजे एआयच्या धंद्यात शिरायला निघालीस आणि डीटीपीत पोचलीस." गप्प बसले, कारण उत्तर नव्हतं.

२७ एप्रिल, रविवार

भांडण. म्हणजे होता होता राहिलं.

ग्रूमिंगचा पॅक घेतलेल्या दोघी एकाच भागातल्या निघाल्या, दोघींनी एकाच दिवशी तेच पोस्ट टाकलं, तेच कुत्रं, तोच टॉवेल. एकीने मला लिहिलं की तुम्ही माझं डिझाइन दुसरीला विकलंत. पॅक सगळ्यांनाच विकला जातो हे मला इतकं उघड वाटत होतं की मी ते कुठे लिहिलंच नव्हतं. तिला कसं कळणार? तिच्या दृष्टीने तिने पैसे देऊन घेतलेली वस्तू शेजारणीच्या दारावर लटकतेय.

माफी मागितली, चार पोस्ट तिच्या स्वतःच्या कुत्र्याच्या फोटोवरून वेगळे करून दिले. ती खूश झाली, पण तो माझा रविवार होता. आता लिस्टिंगमध्ये पहिल्याच ओळीत लिहिलंय की हा पॅक इतरांनाही विकला जातो, तुमच्या धंद्यासाठी हवा तितका वापरा, परत विकू नका, लोगो म्हणून नोंदवू नका, चित्रं एआयची आहेत आणि मजकूर-मांडणी माझी. वकिली भाषेत लिहायला गेले होते, मग खोडलं. जिला समजायला हवं तिला समजेल असं लिहिलं.

आणि टेम्प्लेटमध्ये आता चित्राची जागा बदलता येते, स्वतःचा फोटो टाकायचा. माझं चित्र नुसतं जागा धरायला. हे आधी केलं असतं तर पोस्टसाठी एवढी कुत्री काढायची गरजच नव्हती.

११ मे, रविवार

२ फेब्रुवारीची ती शीट टिकलीय, मलाच आश्चर्य. आणि आज उपयोगी पण पडली, असं वाटलं होतं.

ग्रूमिंगवाल्या मॅडमना (पहिल्या, फोनवाल्या) आयकॉनमध्ये ससा हवा होता, त्यांच्याकडे आता ससे पण येतात. म्हणलं सोपंय, शीट उघडली, तोच मॉडेल, तोच सीड, तोच नमुना. ससा आला तो लांब कानांचं मांजरच. दुसरा आला तो सुरेख होता पण त्या चोवीसांच्या घरातला नव्हता. अकरा ससे झाले, एकही बसेना. दीड तास.

मग इंकस्केप उघडलं. २४ चा ग्रिड, २ ची रेघ. गोल तोंड मांजराचंच उचललं, कान दोन लांब, एक जरा दुमडलेला, शेपटीला एक टिंब. चाळीस मिनिटं लागली आणि त्यातली वीस त्या दुमडलेल्या कानावर. बाकीच्या चोवीसांत ठेवून बघितला, काळ्यावर, लालवर. शीटमध्ये लिहायला गेले तर मॉडेलचा रकाना, प्रॉम्प्टचा रकाना, सीडचा रकाना, तिन्ही रिकामे. तारीख तेवढी टाकली.

मॅडमना पाठवला, डॉक्युमेंट म्हणून. पाच मिनिटांनी उत्तर आलं, "मस्त. पोपट पण दे ना."